स्मृतिनिधी : विटांसाठी की रात्रीच्या परिचारकासाठी?

घरातील जाणते माणूस गेले, की तेरवीच्या मांडवातच त्याच्या नावाने काहीतरी उभारण्याचा विषय निघतो. पूर्वी तो बहुधा देवळाच्या सभामंडपावर किंवा पाणपोईवर स्थिरावत असे. अलीकडे तो रुग्णालयावर येऊन थांबतो. कुटुंबात वा भावकीत एखादा वैद्य असला, की सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आपल्या संघटनेच्या सभासदांपैकी अनेकांनी अशा समितीचे अध्यक्षपद, निदान खजिनदारपद, नाइलाजाने स्वीकारलेले असेल. औषधी दुकानदार बंधूंची गोष्ट तर निराळीच. पावतीपुस्तक घेऊन निघालेल्या मंडळींचा पहिला मुक्काम त्यांच्याच गल्ल्यासमोर असतो.

प्रस्तुत लेखकही या अनुभवातून गेला आहे, नव्हे, अजून जात आहे. २०१८ च्या जानेवारीत माझी आई औसा तालुक्यातील आमच्या गावी वारली. मध्यरात्रीनंतर तिला धाप लागली. मी लातुरात, चाळीस किलोमीटरवर. फोनवर मी सूचना देत होतो आणि शेजारची एक मुलगी त्या ऐकत होती. परंतु रुग्णाला कसे बसवावे, नाडी कुठे पाहावी, हेही तिला ठाऊक नव्हते. जवळच्या दवाखान्याला रात्री कुलूप होते. जीप मिळेपर्यंत पाऊण तास गेला. लातूरच्या वाटेवर आईने प्राण सोडला. वीस वर्षे दुसऱ्यांच्या आयांवर उपचार करणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे आले, याची खंत शब्दांत मांडण्याचे हे स्थळ नव्हे.

तेरवीला थोरले बंधू मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, “मायच्या नावानं गावात दवाखाना होणार.” टाळ्या झाल्या नाहीत, तो प्रसंगच तसा नव्हता, पण आकडे मात्र भराभर बोलले गेले. चुलतभावाने रस्त्यालगतची पाच गुंठे जागा सांगितली. संध्याकाळपर्यंत वहीत अकरा लाख चाळीस हजार रुपये लिहिले गेले. पुढे काय झाले ते यथावकाश सांगेन. त्याआधी एका फार मोठ्या स्मृतिनिधीची हकीकत सांगणे आवश्यक वाटते, कारण तिचा आरंभ एका वैद्यापासून आणि एका बंद फाटकापासून होतो.

आगाखान महालातील रात्री

ऑगस्ट १९४२ मध्ये महात्मा गांधी, कस्तुरबा आणि त्यांच्या निकटच्या मंडळींना पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध करण्यात आले. त्याच महिन्यात महादेवभाई देसाईंचे तेथे निधन झाले. १९४३ च्या अखेरीपासून कस्तुरबांची प्रकृती ढासळत गेली. जुना श्वासविकार, त्यात हृदयाची दुर्बलता. सोबत डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर हे दोन निष्णात चिकित्सक होते. तरीही बांना वैद्याचे औषध हवे होते, आणि तशी मागणी गांधीजींनी सरकारकडे लेखी केली. परवानगी मिळेपर्यंत बहुमोल दिवस निघून गेले.

अखेर फेब्रुवारी १९४४ मध्ये लाहोरचे वैद्यराज पंडित शिव शर्मा यांना आत येऊ देण्यात आले. आयुर्वेदाच्या राष्ट्रीय पातळीवरील संघटनेत पुढे ज्यांनी मोठे कार्य केले आणि जे १९६७ साली लोकसभेवर निवडून गेले, तेच हे शिव शर्मा. त्यांना दिवसा प्रवेश होता. रात्री महालात राहण्यास मात्र मनाई होती. रुग्णाची अवस्था अशी, की रात्रीच वैद्याची गरज अधिक. तेव्हा शर्माजींनी फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपण्याचे पत्करले. रात्री बांना त्रास वाढला, की पहाऱ्यावरील माणसांना उठवायचे, वरिष्ठांची संमती घ्यायची, कुलूप काढायचे आणि मग वैद्य रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचायचा. गांधीजींनी या व्यवस्थेविरुद्ध सरकारला कडक पत्र लिहिले, तेव्हा कुठे वैद्यराजांना आत राहू देण्यात आले. परंतु तोवर व्याधी हाताबाहेर गेली होती. आपल्या उपायांचा गुण येत नाही, असे दिसताच शर्माजींनी रुग्ण पुन्हा डॉक्टरांच्या हवाली केला. वैद्याने आपली मर्यादा मोकळेपणाने मान्य करणे हाही चिकित्सेचाच भाग आहे, आणि या प्रसंगी शर्माजींनी तो पाळला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, बांनी गांधीजींच्या मांडीवर देह ठेवला.

त्यानंतर देशभरातील पुढाऱ्यांनी कस्तुरबा स्मारक निधीचे आवाहन केले. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला गांधीजी पंचाहत्तर वर्षांचे होणार होते, म्हणून उद्दिष्ट पंचाहत्तर लाखांचे. ठक्करबाप्पांनी चिटणीस म्हणून ते काम अंगावर घेतले. युद्धाचे दिवस, बंगालच्या दुष्काळाची छाया, काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात. असे असूनही जमलेली रक्कम एक कोटीच्या वर गेली.

एवढा निधी हाती आल्यावर मुंबईत किंवा दिल्लीत संगमरवरी इमारत उभी करणे अगदी सोपे होते, आणि कोणी नावे ठेवली नसती. गांधीजींनी तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्याचसाठी वापरण्याचा आग्रह धरला. पैशाचा मोठा भाग सुईणी, ग्रामसेविका आणि शिक्षिका तयार करण्याकडे वळला. म्हणजे तो माणसांवर खर्च झाला. या न्यासाचे मुख्य केंद्र पुढे इंदूरजवळ कस्तुरबाग्राम येथे स्थिरावले.

बांच्या नावाचे रुग्णालय झाले ते सेवाग्रामला. हा निधी वेगळा व ते रुग्णालय वेगळे, याची गल्लत करू नये. बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटा मांडून कस्तुरबा रुग्णालयाचा आरंभ झाला. नवीन वास्तू नाही, कोनशिला नाही. तेथे धुरा सांभाळली ती डॉ. सुशीला नय्यर यांनी, म्हणजे आगाखान महालात ज्यांनी त्या सर्व रात्री जागून काढल्या होत्या त्यांनीच. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि १९६९ मध्ये त्याच रुग्णालयाभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली.

या रुग्णालयाचा आणखी एक उपक्रम आपल्या ज्वारीच्या मुलखात विशेष मनन करण्याजोगा आहे. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची एक योजना सुरू केली. तिचा हप्ता ज्वारीत होता. सुगी झाली, की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी झाली तरच त्या गावाला लाभ मिळे. एकदा देणगी देऊन मोकळे होण्यापेक्षा दरसाल पायलीभर धान्य देणारा मनुष्य त्या रुग्णालयाला ‘आपले’ म्हणतो आणि तेथील कारभाराविषयी प्रश्नही विचारतो. देणगीदार सहसा विचारीत नाही.

नाव लागल्यानंतर

कित्येकांना वाटेल, की गांधीजींच्या सभोवतालचे उदाहरण आपल्यासारख्यांना काय उपयोगाचे? म्हणून धनिकांचे एक उदाहरण पाहू. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये त्या व्याधीच्या संशोधनासाठी न्यास केला आणि त्याच वर्षी तेही वारले. पुढे त्यांच्या न्यासाने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. योगायोग असा, की त्याच दिवशी अलाहाबादेत गांधीजींच्या हस्ते कमला नेहरू स्मारक रुग्णालयाचेही उद्घाटन झाले. १९३६ मध्ये कमलाबाई वारल्या तीच ही तारीख. टाटा रुग्णालयाचा पुढील प्रवास मात्र निधी जमविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावा. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. त्याच्या आजच्या विस्तारामागे शासनाचा वार्षिक पैसा आहे. टाटांसारख्यांच्या स्मारकाचीही ही कथा, तर आपल्या पाच गुंठ्यांचे काय सांगावे!

मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये पुण्यात निवर्तले, तेव्हा लतादीदी अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. वडिलांच्या नावाच्या रुग्णालयासाठी १९८९ मध्ये वैद्यकीय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २००१ मध्ये रुग्णालय रुग्णांसाठी खुले झाले. मृत्यूपासून एकोणसाठ वर्षे. २०२५ मध्ये अनामत रकमेच्या प्रश्नावरून या रुग्णालयासंबंधी राज्यभर वाद झाला. त्याच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. एवढेच लक्षात यावे, की प्रिय व्यक्तीचे नाव दारावर लागले, की येणारा रुग्ण त्या नावाकडून मायेची अपेक्षा करतो, आणि पैशाचा प्रश्न तर रोज उभा राहतो.

आपल्या मराठवाड्यात मोठी रुग्णालये थोरांच्या नावांनीच ओळखली जातात. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंघजी स्मारक रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय संस्था. ही शासनाची असल्याने नावामागे अंदाजपत्रक आहे. लोकाश्रयावर उभे राहिलेले आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी लातुरात सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय. तेथे अगोदर माणसे आली, राहिली आणि मग वास्तू वाढली. हा क्रम उलटा झाला, की काय होते, हे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. जिल्ह्याचे नाव सांगत नाही, पण एका रस्त्यालगत मी गेली कित्येक वर्षे एक देखणी दुमजली इमारत पाहतो. दर्शनी भागी दिवंगताचा अर्धपुतळा आहे. आत शेतकऱ्यांची खताची पोती आहेत.

चरकाचार्यांची यादी

सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आणि बहुधा तेथेच सोडला. संशोधन चिकित्सेपूर्वी रुग्णासाठी कोणकोणती सिद्धता असावी, याचे वर्णन त्यात आहे. वास्तुविद्येच्या जाणकाराने घर बांधावे. ते मजबूत असावे, वाऱ्याचे झोत लागू नयेत, तरी एक बाजू हवेशीर असावी, धूर, ऊन, धूळ यांचा उपद्रव नसावा, असे सांगून आचार्य वास्तूचा विषय थोडक्यात आवरतात. त्यानंतर सुरू होते ती माणसांची यादी : शुचिर्भूत, दक्ष, प्रेमळ परिचारक, अन्न शिजविणारे, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, रुग्णाला उठवून बसविणारे, औषध कुटणारे, इतकेच नव्हे, तर गाणारे व गोष्टी सांगून मन रमविणारे. मग दुभती गाय, भांडी, अंथरुणे, उपकरणे, औषधे. या अध्यायात वास्तूच्या वाट्याला जेवढे शब्द आले आहेत, त्याच्या कितीतरी पट माणसे आणि साधने यांच्या वाट्याला आले आहेत. आपल्या समित्यांच्या इतिवृत्तात हे प्रमाण नेमके उलटे असते.

त्याच अध्यायात आचार्य पुढे म्हणतात, की हा सारा संभार राजाला वा धनवंताला शक्य. दरिद्री मनुष्यावर संकट आले, तर सर्व सामग्री जमेपर्यंत त्याने थांबू नये, जे हाती असेल त्यावर औषध घ्यावे. आमच्या गावच्या बाबतीत मला वाट दाखविली ती या विधानाने.

आमच्या गावची वही

अभियंत्याने दहा खाटांच्या इमारतीचा खर्च सेहेचाळीस लाख काढला. मी दुसऱ्या कागदावर इमारत उभी राहिल्यानंतरचा एका वर्षाचा खर्च मांडला : रात्रपाळीचा वैद्य, दोन परिचारिका, सफाई कामगार, वीज, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, औषधे. काटकसर करूनही बेरीज अठरा लाखांच्या घरात गेली, तीही दरसालची. बंधूंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “तू डॉक्टर झालास, पण हिशेब वाण्याचा शिकलास.”

येथे माझी स्वतःची चूकही नमूद केली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत आलेली रक्कम बंधूंच्या वैयक्तिक खात्यात राहिली आणि पावत्या दिल्या गेल्या माझ्या दवाखान्याच्या कागदावर. हेतू शुद्ध होता. परंतु नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची, तर सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या ४१ सी कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांतील तरुण मुलांनाही जे माहीत असते, ते मला एका कनिष्ठ वकिलाने सांगितले. न्यास नोंदविण्यास चौदा महिने लागले. दरम्यान ज्यांनी मांडवात आकडे सांगितले होते, त्यांपैकी काहींचा उत्साह मावळला, एकाची शेती दुष्काळात गेली, एकजण वारलाच. प्रत्यक्ष जमा झाले सात लाख साठ हजार. बोललेल्या रकमेच्या दोन-तृतीयांश पैसा आला, यात गावाची शोभाच आहे.

जे सभासद खरोखरच रुग्णालय काढू इच्छितात, त्यांनी आणखी एक गोष्ट प्रथमच समजून घ्यावी. न्यासाचे रुग्णालय वार्षिक खर्चाची ठरावीक मर्यादा ओलांडून मोठे झाले, की ४१ एए कलम व त्यावरील उच्च न्यायालयाची २००६ ची योजना लागू होते : दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे बंधन जाचक मानण्याचे कारण नाही. स्मरणार्थ काढलेल्या रुग्णालयाचा मूळ हेतूच तो असतो. परंतु त्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असावा.

आम्ही शेवटी रुग्णालय काढले नाही. सात लाख साठ हजारांचा कायम निधी राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवला. त्यावर वर्षाला साधारण एकोणपन्नास हजार व्याज येते. त्यातून गावातच राहणाऱ्या एका प्रशिक्षित परिचारिकेला दरमहा चार हजार मानधन दिले जाते. ती पूर्वी लातुरात नोकरीला होती, सासरी आल्यावर घरी बसली होती. तिचे काम एकच : रात्री कोणी दार वाजविले, तर उठून जायचे. रुग्णाला योग्य स्थितीत बसविणे, नाडी, श्वास, रक्तदाब पाहून मला वा अन्य वैद्याला फोनवर सांगणे, आणि १०८ ची गाडी बोलावणे. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यावर रात्री-अपरात्री काम करणारे वैद्यकीय अधिकारी मोठ्या संख्येने आपलेच पदवीधर आहेत, हे सर्वांस ठाऊक आहेच. गाडीला वेळ लागणार असेल, तर गावातील दोन जीपवाल्यांशी भाडे आधीच ठरवून ठेवले आहे. ते भाडे ज्वारीतून निघते. सेवाग्रामची कल्पना मी उघडपणे उचलली. पहिल्या सुगीला एकतीस घरांनी ज्वारी दिली. बाकीच्यांनी, साहजिकच, अगोदर वाट पाहिली.

लातूरच्या एका औषधी दुकानदार मित्राने प्राणवायू देणारे यंत्र दिले. २०२१ च्या उन्हाळ्यात ते सहा आठवडे बंद म्हणून झाले नाही. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी चूर्णांचे चार खोके पाठविले. मुदत संपण्यास तीन आठवडे शिल्लक होते. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने टिकते असे म्हटले आहे आणि आसवारिष्टे मात्र जुनी तेवढी गुणकारी. दुकानदार बंधूंनी रागावू नये. परंतु दानात द्यायचे असेल, तर निदान आसव द्यावे. त्याहून चांगले म्हणजे दरमहा ठरावीक, थोडीशी का होईना, पण ताजी औषधे देण्याचे लेखी आश्वासन. समितीला त्याच्या आधारे पुढच्या वर्षाचा विचार करता येतो.

गेल्या सुगीला ज्वारी देणारी घरे अठ्ठ्याऐंशी झाली. परिचारिकेच्या वहीत प्रत्येक रात्रीची नोंद असते : वेळ, रुग्णाचे वय, लक्षण, काय केले, कुठे पाठविले. वहीच्या पहिल्या पानावर आईचे नाव आहे.

बंधूंना हे मान्य नाही. पाच गुंठे तसेच पडून आहेत. तेथे चुलतभाऊ कडबा लावतो. गेल्या श्राद्धाला आम्ही दोघे पंगतीत शेजारी बसलो होतो. ते म्हणाले, “तुझ्या वहीवर मायचं नाव आहे म्हणतोस. पण गावातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसत नाही.” मजजवळ उत्तर नव्हते. त्याच रात्री अडीच वाजता परिचारिकेचा फोन आला. वेशीजवळच्या घरातील म्हातारीला धाप लागली होती, आणि तिने तिला उशांच्या आधाराने बसवून ठेवले होते. मी आणि बंधू मिळूनच गेलो. म्हातारीचा श्वास स्थिर होऊन गाडी निघेपर्यंत बंधू दाराबाहेर ओट्यावर बसून होते. घरी परतताना ते काहीच बोलले नाहीत.